दोन मजली केक वाटेतच का बसतो? आधार, ऊन, रस्ता आणि हिशेब : घरून ऑर्डर घेणाऱ्यांसाठी सविस्तर माहिती

सोलापूर : लग्नसराई सुरू झाली की मंगल कार्यालयाच्या स्टेजवर पेढ्यांच्या बॉक्सशेजारी आता केकही दिसतो. तोही साधासुधा नाही, दोन मजली. साखरपुडा, बाळाचा पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, आई-वडिलांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, गुरुजींची सेवापूर्ती. कार्यक्रम कुठलाही असो, "फोटोत भारी दिसला पाहिजे" ही अट ठरलेली. हा केक दर वेळी शहरातल्या बेकरीतूनच येतो असं नाही. बार्शी, माढा, सांगोला, मंगळवेढा, करमाळा अशा तालुक्यांत एखादी ताई किंवा वहिनी दुपारचा ओटा आवरून बीटर लावते आणि संध्याकाळी ऑर्डर पोच करते.

अर्धा-एक किलोचा केक हाताला बसला की पुढची मागणी येतेच. "ताई, आमच्या सोनूला टू टियर करा की." गडबड इथून सुरू होते. घरी टेबलावर छान दिसलेला केक कार्यालयात पोचेपर्यंत एका बाजूला कलतो. खालच्या मजल्याचं पोट सुटतं, क्रीमला भेगा पडतात. पाहुणे जमलेले, फोटोवाला उभा, आणि केक झाकून ठेवायची वेळ येते. पैसे परत द्यावे लागतात ते एक, पण गावात नाव जातं ते जास्त लागतं.

अशा वेळी दोष क्रीमला नाहीतर उन्हाला दिला जातो. ऊन कारण असतंच, पण मूळ चूक बहुतेक वेळा वेगळी असते. दोन मजली केकमधला वरचा केक खालच्या केकवर ठेवायचाच नसतो. तो खालच्या केकच्या आत उभ्या केलेल्या काड्यांवर ठेवायचा असतो. घराचा स्लॅब जसा भिंतीच्या गिलाव्यावर नाही तर कॉलमवर उभा असतो, तसंच हे आहे. स्पंज आणि क्रीम हा गिलावा. भार काड्यांनी उचलायचा.

ऑर्डर घेतानाच विचारायच्या गोष्टी

किती किलोचा, एवढंच विचारून भागत नाही. माणसं किती, कार्यक्रम किती वाजता, केक प्रत्यक्ष कापणार किती वाजता, जागा एसी हॉल की उघडा मांडव, अंतर किती आणि रस्ता कसा, हे सगळं आधी विचारावं. आपल्याकडे सहाचा साखरपुडा साडेआठला उरकतो हे सगळ्यांना माहीत आहे. केक त्या अडीच तासांचा विचार करूनच करावा लागतो.

माणसांचा हिशेब सोपा आहे. ४ इंच उंचीचा ६ इंची गोल केक साधारण १२ जणांना पुरतो, ८ इंची २४ जणांना आणि १० इंची ३८ जणांच्या आसपास. हा तुकडा एक इंच बाय दोन इंच धरलेला आहे. म्हणजे खाली ८ इंची आणि वर ६ इंची असा केक ३६ माणसांचा झाला. त्याचं वजन साधारण तीन किलो भरतं. कार्यक्रमाला दोनशे माणसं असतील तर मोठा केक करण्यापेक्षा दोन मजली केक स्टेजसाठी आणि बाकीच्यांसाठी त्याच चवीचा साधा चौकोनी केक वेगळा द्यावा. तो परवडतो, आणि कापायलाही सोपा.

उलटंही होतं. माणसं पंधरा आणि हौस दोन मजल्यांची. अशा वेळी खालचा मजला खोटा ठेवता येतो. पण त्यासाठी थर्माकोल वापरू नये. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. पालथा घातलेला केकचा टिन किंवा मजबूत पुठ्ठ्याचा गोल डबा बटर पेपरनं गुंडाळून वर क्रीम लावलं की काम होतं. मात्र खालचा मजला खोटा आहे हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगावं. नाहीतर सुरी अडकल्यावर सगळ्यांसमोर वाद व्हायचा.

टिनच्या मापात होणारी चूक

६ इंची टिनला जेवढं मिश्रण लागतं त्यापेक्षा थोडं जास्त घेतलं की ८ इंचीचं होईल, असा अंदाज अनेकजणी करतात. तो चुकतो. गोल टिनचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. ६ इंची टिनचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, ८ इंचीचं ५० आणि १० इंचीचं जवळपास ७९. म्हणजे ६ इंचीला ३०० ग्रॅम प्रीमिक्स लागत असेल तर तेवढ्याच उंचीच्या ८ इंचीला ५३० ग्रॅमच्या आसपास लागणार. १० इंचीला तर पावणेतीन पट. हे आधी न मोजल्यानं खालचा केक बुटका होतो, मग उंची भरायला क्रीमचे जाड थर दिले जातात आणि केक तिथंच कमजोर होतो.

भाजण्याचंही तसंच. मोठा टिन त्याच आचेवर ठेवला तर कडा वाळतात आणि मधे कच्चं राहतं. ६ इंची केक १८० अंशांवर होत असेल तर १० इंचीसाठी आच १६० ते १६५ वर आणून वेळ वाढवावा. कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून केक करणाऱ्यांनी शिट्टी आणि रबर काढलेलं असावं. टिनच्या चारही बाजूंनी गरम हवा फिरायला जागाही हवी. घरच्या कुकरला ६ इंची टिन ठीक बसतो. मोठ्या मापासाठी ओव्हन लागतोच. एकाच टिनमध्ये उंच केक भाजण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर वेगळे भाजले तर ते सारखे शिजतात आणि कापायचा त्रासही वाचतो.

तीन दिवसांत वाटून घ्या काम

रविवारी संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर काम शुक्रवारी सुरू व्हायला हवं. एका दिवसात दोन मजली केक करायला गेलं की स्पंज कोमट असतानाच क्रीम लागतं आणि तिथून पुढं सगळं घसरत जातं.

शुक्रवारी स्पंज भाजावेत. पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावेत. गार स्पंज सुरीखाली कमी चुरतो. व्हिपिंग क्रीम फ्रीझरमध्ये असेल तर त्याच रात्री खालच्या कप्प्यात काढावं.

शनिवारी स्पंजचा वर आलेला घुमट कापून तो सपाट करावा, थर द्यावेत आणि बाहेरून क्रीमचा पहिला पातळ हात मारावा. यालाच क्रंब कोट म्हणतात. त्यात सगळा चुरा अडकतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग शेवटचा हात.

रविवारी सकाळी काड्या बसवणं, बॉर्डर आणि सजावट. दुपारी प्रवास.

खालचा मजला घट्ट हवा

एक किलोच्या साध्या केकला जो मऊ, भिजलेला स्पंज आवडतो, तोच दोन मजली केकच्या खालच्या मजल्याला चालत नाही. साखरपाणी लावताना ब्रशनं हलक्या हातानं लावावं, ओतू नये. खाली साखरपाणी साचलं की दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या कडेनं पाणी सुटतं.

फळांचंही तसंच. डब्यातला अननस असो की ताजा आंबा, त्याला पाणी सुटतंच. फळांचा केक हवाच असेल तर तो वरच्या मजल्याला द्यावा आणि फळं चाळणीत निथळून घ्यावीत. खालच्या मजल्यासाठी चॉकलेट, बटरस्कॉच असे कोरडे प्रकार बरे. भरण मऊ असेल तर थराच्या कडेनं आधी घट्ट क्रीमची एक रिंग काढावी आणि भरण तिच्या आत घालावं. म्हणजे दाबलं तरी ते बाहेर येत नाही.

काड्या कशा बसवायच्या

केकसाठी लाकडाच्या किंवा जाड पोकळ प्लास्टिकच्या नळ्या मिळतात. त्यांना डॉवेल म्हणतात. त्या मिळाल्या नाहीत तर बांबूच्या जाड काड्या चालतात. पेय प्यायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर २०२२ पासून बंदी आहे आणि बारीक स्ट्रॉ वाकतेही, त्यामुळं तिचा नाद नको. दात कोरायच्या काड्या तर केकमध्ये कधीच खोचू नयेत. त्या तुकड्यात दिसत नाहीत आणि लहान पोराच्या तोंडात जाऊ शकतात.

प्रत्येक मजल्याला स्वतःचा पुठ्ठा हवा. वरच्या केकच्या मापाचाच गोल पुठ्ठा, दोन्ही बाजूंनी चांदीचा कागद किंवा बटर पेपर लावलेला, म्हणजे तो ओल धरत नाही. पुठ्ठाच नसेल तर काड्या केकमध्ये वरपर्यंत घुसतात आणि आधार असून नसल्यासारखा होतो. सर्वांत खालचा बोर्ड मात्र जाड, एमडीएफचा हवा. बोर्ड उचलताना जरा वाकला तरी क्रीमला तडा जातो.

खालचा केक फ्रिजमध्ये चांगला घट्ट झाल्यावर त्याच्या मधोमध ६ इंची टिन हलकेच टेकवून गोल खूण करावी. काड्या या खुणेच्या आत, कडेपासून पाऊण इंचावर बसवायच्या. ६ इंची मजल्याला पाच काड्या पुरतात. पहिली काडी खालच्या बोर्डाला टेकेपर्यंत सरळ घालावी, क्रीमच्या पातळीवर खूण करावी, बाहेर काढून कापावी. बाकीच्या चारही त्याच मापानं कापाव्यात. केकचा माथा कुठं उंच, कुठं बसका असेल तर सर्वांत उंच जागेचं माप धरावं. प्रत्येक काडी वेगवेगळी मोजून कापली की टेबलाचा एक पाय आखूड झाल्यासारखं होतं, आणि वरचा केक तिकडंच झुकतो.

जोडून न्यायचा असेल तर आणखी एक लांब काडी लागते. ती वरून खालपर्यंत, दोन्ही केक आणि मधला पुठ्ठा भेदून खालच्या बोर्डापर्यंत जाते. तिचं टोक पेन्सिलसारखं तासून घ्यावं. आतल्या काड्या भार उचलतात, ही लांब काडी केक बाजूला सरकू देत नाही. दोघींची कामं वेगळी आहेत. एक घातली म्हणून दुसरी टाळता येत नाही.

काड्या धुऊन वाळवलेल्या असाव्यात. किती घातल्या ते लिहून ठेवावं आणि कार्यक्रमात केक कापणाऱ्याला तो आकडा सांगावा. घातल्या तेवढ्या बाहेर आल्या पाहिजेत.

तीन मजली केकमध्ये खालच्या मजल्यावर दोघांचा भार येतो, मधल्यालाही स्वतःच्या काड्या लागतात. आधी दोन मजली पाच-सात केक हाताखालून जाऊ द्यावेत, मगच ती ऑर्डर घ्यावी.

ऊन आणि लाईट

मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४० च्या वर जातो. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणून बटरक्रीमचा केक दुपारच्या मांडवात टिकत नाही. दुधाच्या क्रीमचंही तेच. घरगुती ऑर्डरींमध्ये सहसा वनस्पती तेलापासून बनवलेलं नॉन-डेअरी क्रीम वापरतात. ते जास्त वेळ उभं राहतं, पण तेही थंड असेपर्यंतच.

हे क्रीम फेटताना त्यात बर्फाचे बारीक कण असतील इतपत गार हवं. भांडं आणि बीटरची पाती आधी फ्रिजमध्ये ठेवावीत, भांड्याखाली बर्फाचं पाणी ठेवावं. जास्त फेटलं गेलं तर क्रीम दाणेदार होतं आणि गुळगुळीत बसत नाही. त्यात दोन-तीन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानं हलकंच फिरवलं की सुधारतं. एकदा विरघळलेलं क्रीम पुन्हा गोठवू नये. पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं.

भर उन्हाळ्यात गनाशचा बाहेरचा थर जास्त भरवशाचा. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग घेतलं की थर फ्रिजमध्ये कडक होतो आणि आतल्या केकला कवच मिळतं. पांढऱ्या चॉकलेटसाठी तीन भागांना एक भाग क्रीम घ्यावं.

लाईटचा प्रश्न सगळ्यांनाच आहे. लाईट गेल्यावर दार उघडलं नाही तर फ्रिजचा थंडावा सुमारे चार तास टिकतो. कडक उन्हाळ्यात तो त्याहून कमी धरावा. ऑर्डरीच्या आदल्या दिवशी पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवाव्यात आणि लाईट गेली की केकशेजारी ठेवाव्यात. त्या दिवशी घरच्यांना फ्रिजच्या दाराला हात लावू देऊ नये.

आणखी एक गोष्ट ऑर्डर घेण्याआधीच बघायची. फ्रिजच्या कप्प्याची उंची पट्टीनं मोजा. दोन मजले जोडलेला केक आठ-नऊ इंच उंच होतो, वर बोर्ड आणि सजावट वेगळी. घरातल्या एका दाराच्या फ्रिजमध्ये तो बहुतेक बसत नाही. मग मजले वेगळे थंड करायचे आणि कार्यालयात जाऊन जोडायचे. गावाकडच्या रस्त्यांसाठी हीच पद्धत जास्त सुरक्षित.

सजावट : दिसायला छान, खायलाही निर्धोक

ताजी फुलं झटपट शोभा देतात. पण बाजारातल्या गुलाब-शेवंतीवर औषध मारलेलं असतं. देठ थेट केकमध्ये खोचू नयेत. देठाला फॉइल गुंडाळावं आणि फुलाखाली बटर पेपरचा तुकडा ठेवावा. कण्हेर विषारी आहे. तिचं फूल किंवा पान केकजवळही नको. चीक निघणारी फुलंही टाळावीत.

फॉन्डंटच्या बाहुल्या, आकडे, नावं आठवडाभर आधी करून हवेवर वाळवता येतात. ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत, ओल धरून चिकट होतात. व्हिप्ड क्रीमवर ठेवल्यावरही ती हळूहळू विरघळायला लागतात, त्यामुळं निघायच्या आधी किंवा कार्यालयात पोचल्यावरच लावावीत. आणि एक महत्त्वाचं. काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून बनतं. अंडं नाही म्हणजे केक शाकाहारी झाला असं समजू नये. पाकिटावरची यादी वाचावी.

रंग खाण्याचेच हवेत आणि कमी हवेत. देशात आठ कृत्रिम रंगांनाच खाण्यासाठी परवानगी आहे, आणि किलोमागे १०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. गडद लाल किंवा काळा रंग हवा म्हणून जेल रंग ओतत गेलं की क्रीम कडू लागतं आणि पाहुण्यांचे ओठ रंगतात. काळ्यासाठी सुरुवात चॉकलेट क्रीमपासून करावी. रंग तासाभरात आपोआप थोडा गडद होतो, तेवढा धीर धरावा. चमकीच्या डबीवर "नॉन-टॉक्सिक" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ती खाण्यासाठी आहे असा होत नाही. "खाण्यायोग्य" असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असलेलीच डबी घ्यावी.

रस्त्यावर निम्मी परीक्षा

पंढरपूरहून मंगळवेढ्याला जायचं म्हटलं तरी पंचवीसेक किलोमीटर होतात, आणि वाटेतले गतिरोधक मोजायला नकोत. दोन मजली केक दुचाकीवर मांडीवर घेऊन जायचा नाही. चारचाकीतही सीटवर ठेवायचा नाही, सीटला उतार असतो. डिकीत किंवा पुढच्या सीटसमोर पाय ठेवायच्या सपाट जागेवर, खाली रबरी मॅट किंवा ओला करून पिळलेला टॉवेल घालून ठेवावा. एसी असेल तर निघायच्या दहा मिनिटं आधी लावावा. दुचाकीशिवाय पर्याय नसेल तर दोन मजले दोन बॉक्समध्ये, दोन खेपांत न्यावेत, नाहीतर रिक्षा सांगावी. त्याचं भाडं ऑर्डरीत आधीच धरावं.

सोबत एक पिशवी कायम तयार असावी. बर्फासोबत थोडं फेटलेलं क्रीम, पायपिंग बॅग, एक नोझल, पॅलेट नाईफ, कात्री, दोन जादा काड्या, ओला रुमाल. छोटी भेग किंवा अंगठ्याचा ठसा दोन मिनिटांत झाकला जातो.

पोचल्यावर टेबल हलवून बघावं. मांडवातल्या टेबलांचे पाय डुगडुगतात. केक हॅलोजनखाली किंवा उन्हाच्या तिरपीत ठेवू नये. जोडून झाला की फोटो काढावा, ताब्यात देताना घरच्या जबाबदार माणसाला दाखवावा. क्रीमचा केक फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कडक उन्हाळ्यात एक तासच धरावा. हे त्यांना सांगून निघावं. मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचा स्प्रे मारू नका, हेही सांगावं. त्या स्प्रेमधला गॅस पेट घेऊ शकतो.

किलोच्या भावानं विकला की तोटा

"साधा केक सहाशेनं देता, मग हा तीन किलोचा अठराशेला द्या की." हे वाक्य ऐकून अनेकजणी हो म्हणतात. एकदा कागदावर मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, ज्यानं-त्यानं आपल्या गावचे भाव घालावेत.

समजा प्रीमिक्स, साखर, तेल २५० रुपये. क्रीम एक लिटर २५०. चॉकलेट आणि भरण २००. बोर्ड, बॉक्स, काड्या २५०. रंग, फुलं, टॉपर २००. गॅस-लाईट ८०. जाण्या-येण्याचा खर्च ३००. झाले १,५३० रुपये. सांडलवंड, एखादा बिघडलेला थर यासाठी १२० धरले की १,६५० होतात. अठराशेला विकला तर हातात राहिले १५० रुपये. भाजणं, थर, सजावट, प्रवास आणि भांडी मिळून नऊ तास सहज जातात. म्हणजे तासाला सतरा रुपयेसुद्धा नाहीत. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी राज्यात दिवसाला ३१२ रुपये होती. तिच्या निम्मेही सुटत नाहीत.

हाच हिशेब नीट केला तर तासाला ७५ रुपये धरून नऊ तासांचे ६७५, बीटर-फ्रिजच्या झिजेचे १०० आणि वर १५ टक्के नफा असे मिळून साधारण २,८०० रुपये होतात. ग्राहकाला हा आकडा सांगताना लाजायचं कारण नाही. "साध्या केकला काड्या, जाड बोर्ड आणि तिथं येऊन जोडणं नसतं, म्हणून याचा भाव वेगळा" एवढं सांगितलं की बहुतेकांना पटतं. नाही पटलं तर साधा तीन किलोचा केक द्यावा. निम्मी रक्कम आधी घ्यावी. तारीख, वेळ, चव, रंग, नावाचं स्पेलिंग आणि पत्ता व्हॉट्सॲपवर लिहून "बरोबर आहे का?" म्हणून होकार घ्यावा.

नोंदणी राहून जाऊ नये

घरून केक विकणं हाही अन्न व्यवसायच. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याखालच्या २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यवसायाला परवाना नाही, तर साधी नोंदणी ठेवली आणि तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस या पोर्टलवर ऑनलाइन होतो. मर्यादा आणि शुल्क अर्ज करतानाच तिथं तपासून घ्यावं. नोंदणीचा क्रमांक १४ आकडी असतो, तो बिलावर छापता येतो. कार्यालयवाले आणि दुकानदार तो आता विचारतातही.

अंड्याचा केक नियमानुसार मांसाहारी गटात मोडतो. हिरव्या चौकोनातला हिरवा गोल शाकाहारी पदार्थांसाठी, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण मांसाहारी पदार्थांसाठी. दोन्ही प्रकारचे केक करत असाल तर बीटरची पाती आणि भांडी वेगळी ठेवावीत. गावात विश्वास यावरच टिकतो.

शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बँकांमार्फत जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत प्रशिक्षण देते. कोणता वर्ग कधी आहे ते तिथं किंवा बचत गटाच्या समूह साधन व्यक्तीकडं विचारावं.

आधी साखरेचा पुडा ठेवून बघा

पहिली दोन मजली ऑर्डर घ्यायच्या आधी एक चाचणी घरीच करता येते. एक ८ इंची साधा केक करा, त्यात पाच काड्या बसवा, वर ६ इंची पुठ्ठा ठेवा आणि त्यावर एक किलो साखरेचा पुडा. वरच्या मजल्याचं वजन साधारण तेवढंच असतं. रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. सकाळी पुठ्ठा सपाट असेल आणि खालच्या केकची कड जागच्या जागी असेल तर काड्या बरोबर बसल्या. पुठ्ठा कलला असेल तर काड्यांची मापं पुन्हा बघा. केक घरच्यांनी खाल्ला की नुकसान काहीच नाही, आणि मांडवात मान खाली घालायची वेळही येत नाही.